तीनशे अकरा भिंतींवर आवतन

गुंडाप्पाचा ब्लॉग अजून इंटरनेटवर आहे. कुणी पुसला नाही म्हणून आहे. 'आमच्या गावचा सांगावा' असं त्याचं नाव. वर गावच्या वेशीचा फोटो आणि फोटोत मधोमध एक म्हैस, कारण हाकलूनही ती हलली नाही. अठ्ठावीस मजकूर, सातशे चाळीस भेटी आणि एक प्रतिक्रिया. त्या भेटींतल्या निम्म्या माझ्याच. कुणी आलं का हे बघायला मी रोज एकदा तरी जायचो आणि दर वेळी आकडा एकानं वाढलेला दिसायचा. तो माझ्यामुळंच वाढलाय हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

ब्लॉग सगळ्या गावासाठी काढलाय असं गुंडाप्पा म्हणायचा. खरं तर तो एकाच माणसासाठी होता, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो माणूस म्हणजे त्याचा धाकटा भाऊ माउली. म्हातारी आई, बाणूबाई, जिवंत आहे तोवर माउलीनं एकदा घरी यावं, एवढंच गुंडाप्पाला पाहिजे होतं.

ठाणाकुशनूरला पंचायतीच्या मागं तेव्हा माझं नेटचं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, त्यांतले दोन चालायचे, तेही लाईट असली तर. गुंडाप्पाचं गाव तिथून कोसभर. वय पन्नाशीच्या पुढं, डोक्याला लाल पटका, खांद्यावर बारा महिने घोंगडं. बापाच्या वेळची मेंढरं कधीच गेली होती. राहिली होती थोडी तूर आणि दुसऱ्याच्या रानातला रोजगार. चौथीपर्यंत कानडीत शिकला, सातवीपर्यंत मराठीत, आणि शिव्या उर्दूत द्यायचा. मला माझ्या नावानं त्यानं कधी हाक मारली नाही. दारात सायकल टेकवायचा आणि विचारायचा, "काय इंटरनेट, लाईट हाय का?"

त्याचं खरं काम मात्र वेगळंच होतं. गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावाला सांगावा घेऊन जायचा तो गुंडाप्पा. हे काम त्याला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. बाप रेवणप्पा करायचा, म्हणून हाही करायचा. कुणाची लेक जनवाड्याला दिलीय, कुणाची आत्या उदगीरच्या अंगाला असते, सगळं तोंडपाठ. सांगावा नेणाऱ्याला उंबऱ्याच्या आत जायची मुभा नसते. बाहेरूनच कर्त्याच्या नावानं हाक मारायची, अमक्याची माती हाय, दुपारपर्यंत या, एवढं सांगायचं आणि पाठ फिरवायची. त्या घरचं पाणी प्यायचं नाही. चैत्रातल्या उन्हात जनवाड्यापर्यंत सायकल हाणलेली असायची, जीभ टाळ्याला चिकटलेली असायची, पण ह्या गड्यानं तीस वर्षांत सांगाव्याच्या घरी घोटभर पाणी घेतलं नाही.

आनंदाचं बोलावणं निराळं. ते आवतन. लग्न असो, जावळ असो, गुंडाप्पा मुठीत कुंकवाच्या अक्षता घेऊन घरोघर फिरायचा. एक दार चुकलं तर ते घर दोन वर्षं तोंड फिरवून बसायचं. भाऊ भावापासून वेगळा निघाला, चूल वेगळी झाली, की त्यालाही रीतसर आवतन जायचं. पण एका चुलीच्या माणसाला आवतन देत नाहीत. ते दिलं याचा अर्थ, तू आता आमचा पाहुणा. आमच्याकडं वाटणीचा कागद पुढं कधीतरी होतो, घर तुटतं ते असल्या एका आवतनानं.

दोन हजार चार साली रेवणप्पा गेला. माउली तेव्हा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर होता. सगळ्या दुनियेचा सांगावा नेणारा गुंडाप्पा त्या दिवशी बापाच्या उशाशी बसलेला. थोरल्या पोरानं मढ्याजवळून उठायचं नसतं. त्यानं एका जणाला सांगून माउलीच्या वस्तीजवळच्या एसटीडीवर फोन लावला. तिकडच्यानं सांगतो म्हटलं आणि विसरला. माउलीला कळलं पाचव्या दिवशी, तेही बाजारात, तेही भलत्याच गावच्या माणसाकडून. तो आला, अंगणात उभा राहिला आणि चार माणसांसमोर म्हणाला, "दुनियेच्या मड्याचा सांगावा घिऊन फिरतुस. माझ्या बापाचा मला न्हाई."

तसाच माघारी गेला. पुढं कळलं की पुण्याकडं आहे, लग्न झालंय, एक पोरगी आहे. सात वर्षांत गावाकडं पाय नाही. वाटणी मात्र झालेली नव्हती. घर एकच, चूल एकच, फक्त चुलीपुढचा एक माणूस नव्हता.

ब्लॉगची कल्पना माझी. चूक कबूल करून टाकलेली बरी. अर्धं गाव हैदराबाद, पुणे, भिवंडीला गेलेलं, आणि माणसं महिन्याला सिम बदलणारी. सांगावा न्यायचा कुठं, असं गुंडाप्पा एकदा बाकड्यावर बसून म्हणत होता. मी बोलून गेलो, अण्णा, नेटवर लिहू, जो जिथं असेल तो तिथं वाचेल. मी नुकताच ब्लॉग शिकलो होतो आणि कुणावर तरी करून बघायचा होता. दोन हजार अकराच्या संक्रांतीनंतर आम्ही सुरू केलं. तो सांगायचा, मी टायपायचो. त्याचं सांगणं सांगाव्यासारखंच, कामापुरतं. 'कलाबाईचं घर पडलं. माणसं बरी हायत. म्हैस दबली.' ह्यात मला एक शब्द वाढवू द्यायचा नाही.

वाचायला कुणी आलं नाही. तो दर बाजारला विचारायचा, "किती आले?"

तीन, मी म्हणायचो.

"कोण कोण?"

ते कळत नाही, असं मी सांगायचो. माणूस दारात येतो, नाव सांगत नाही, बसत नाही आणि जातो, हा प्रकार त्याला पटतच नव्हता. एकदा भेटींची यादी काढली तर त्यात अकरा रशियाच्या. आपलं कोण गेलंय रशियात, ह्याचा त्यानं दोन दिवस विचार केला. ती माणसं नसतात, मशीन असतात, असं मी समजावलं. "मशीन तर मशीन," तो म्हणाला, "आली तरी."

दुसरा घोळ निघाला तो चाकणहून. गुंडाप्पाच्या गावचा सिद्धराम तिथं कारखान्यात होता. त्याला मी फोनवर पत्ता सांगितला, त्यानं मोबाईलवर उघडून बघितलं आणि म्हणाला, सगळे डबेच डबे दिसायलेत. आमच्या माणसांकडं चायना मोबाईल, त्यात मराठी अक्षरंच नाहीत, प्रत्येक अक्षराच्या जागी एक चौकोन. मराठी दिसायची ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, आणि आमची माणसं ऑफिसात नव्हती, ऑफिसच्या गेटवर होती. तरीही रोज सकाळी, मी दुकान उघडायच्या आधी, कुणीतरी एक जण येऊन जायचा. आकडा एकानं वाढलेला असायचा. मी म्हटलं, असेल एखादी इमानदार मशीन.

मग म्हटलं फेसबुकवर जाऊ. गुंडाप्पाचं खातं उघडलं, पटक्यातला फोटो लावला. गावची, आजूबाजूची पोरं गंमत म्हणून पटापट मित्र झाली. पावसाळ्यापर्यंत तीनशे अकरा. गुंडाप्पाला वाटलं, आता झालं. प्रत्येक मजकुराचा पत्ता मी तिथं डकवायचो. लोक अंगठा दाखवायचे आणि पुढं जायचे. ब्लॉगवर त्यांतला एकही पोचायचा नाही.

श्रावणात बाणूबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा अर्धी राहिली. गुंडाप्पानं सांगितलं आणि मी लिहिलं. तासाभरात नऊ अंगठे. हा अंगठा म्हणजे काय म्हणत्यात, त्यानं विचारलं. खोटं बोलायला पाहिजे होतं, पण मी म्हणालो, आवडलं. त्यानं पडद्यावरचे अंगठे बोटानं मोजले.

"ह्यात आवडण्यासारखं काय हाय?"

त्यातले दोन अंगठे त्याच्या सख्ख्या मावसभावांचे होते.

बाणूबाईला रस्त्यावरून जीप गेली की कळायचं. मान दाराकडं वळवायची, सुनेला, मंगलला, डाव्या हातानं खूण करायची. कोण आलं बघ. मंगल बाहेर जाऊन यायची, कुणी न्हाई म्हणायची. दिवसाला सात-आठ जीपा जायच्या.

त्याच आठवड्यात मी सिद्धरामच्या मित्रांची यादी बघत बसलो होतो. एका फोटोवर गुंडाप्पानं बोट ठेवलं. निळा गणवेश, डोक्यावर टोपी, मागं मोठं लोखंडी गेट. केस पांढरे व्हायला लागलेले. नाव खाली लिहिलेलंच होतं, पण गुंडाप्पानं नाव वाचलं नाही. बोट तसंच काचेवर राहिलं. नंतर काचेवर घामाचा ठसा होता आणि मी तो दोन दिवस पुसला नाही.

मी माउस नेला. एक कळ दाबली की त्याला मैत्रीची विनंती जाणार होती, दुसरी दाबली की निरोप. गुंडाप्पानं माझं मनगट धरलं.

"काय करायलास?"

त्याला लिहितो, मी म्हणालो. आई आजारी आहे, ये म्हणून.

"घरच्याला आवतन देत्यात व्हय?"

मी म्हटलं, अण्णा, हे आवतन नाही, नुसता निरोप आहे. त्याला फरक पटला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. बोलावल्यावर आला तर तो पाहुणा झाला. पाहुणा म्हणून आलेल्याला आई काय करील? घर एक आहे, त्याचं त्यानं यावं. त्याला कळलं पाहिजे, एवढंच. आणि कळायचं कसं, तर चारी बाजूंनी. सगळ्यांच्या दारात आवतन दिसलं की ह्याला आपोआप दिसेल. मी म्हणालो, सिद्धरामकडं पत्ता असेल, पुण्याला गाडी रोज आहे, जाऊन या. "आन् काय म्हणू? आमच्या घरला चल म्हणू?" एवढं म्हणून तो उठला. बापाच्या वेळी एकदा चुकलो, आता रीत सोडायची नाही, असं काहीतरी त्यानं मनाशी धरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस तो शेतावर गेला नाही. माझ्या दुकानात बसून तीनशे अकरा माणसांना आवतन दिलं. तेव्हा फेसबुकवर प्रत्येकाची भिंत असायची आणि मित्राच्या भिंतीवर लिहिता यायचं. एकच मजकूर सगळ्यांना दिसेल असा टाकू, हे मी सांगून बघितलं. वेशीवर उभं राहून बोंब मारल्यासारखं दिसतं, म्हणाला. प्रत्येकाच्या दारात जायचं, प्रत्येकाचं नाव घ्यायचं. नाव तो सांगायचा, बापाचं नावही सांगायचा, खाली मजकूर तोच, मोबाईलवर डबे दिसू नयेत म्हणून इंग्रजी अक्षरांत: 'तुमाला आन् घरच्या समद्यांला आवतन. गावचा सांगावा वाचाया यावं. बाणूबाई अंथरुणावर हाय. कळवलं न्हाई म्हणू नगा. आमच्याकडून एकबी घर चुकलं न्हाई.'

ही शेवटची ओळ त्याची स्वतःची. तिच्यावर तो खूश होता.

मधे दोनदा फेसबुकची ताकीद आली, तुम्ही फार भराभर लिहिताय म्हणून. आम्ही चहा पिऊन पुन्हा सुरू केलं. लाईट गेली की तो बाहेर बाकड्यावर बसून पुढची नावं म्हणत राहायचा, विसरू नयेत म्हणून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची भिंत झाली. चौथ्या दिवशी खातं बंद. पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं मी वाचून दाखवलं. लोकांना तुमचा त्रास होतोय, असं त्यांना वाटतंय.

"आवतनाचा तरास?" एवढंच तो म्हणाला.

त्रास झालाच होता. चाळीसेक जणांनी आधीच मैत्री तोडली होती. सिद्धरामचा फोन आला, अण्णाला आवरा, सुपरवायझर मला 'काय, घरच्या समद्यांनी जायचं का' म्हणून चिडवायलाय. पण ब्लॉगवर त्या आठवड्यात शंभरावर माणसं येऊन गेली. गुंडाप्पाला तेवढं पुरलं. आता त्याला दिसलंच असंल, तो म्हणायचा. दिवाळीला यील.

माझं स्वतःचं खातं चालू होतं. माउलीला दोन ओळी लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. चार-पाचदा मी त्याचं पान उघडलं आणि मिटवलं. गुंडाप्पानं नको म्हटलं होतं, आणि दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत शिरू नये हे आम्हाला लहानपणापासून शिकवतात. चांगलं शिकवलं.

दिवाळी गेली. पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर दुकान उघडलं, तोच गुंडाप्पाचा शेजारी बंडेप्पा मोटारसायकलवर दुकानात आला आणि दारातूनच सांगितलं, बाणूबाई गेली. आत आला नाही, पाणी घेतलं नाही. गुंडाप्पा आईच्या उशाशी बसला होता. पुन्हा त्याला उठता येणार नव्हतं. मी ब्लॉगवर लिहिलं: 'बाणूबाई रेवणप्पा यांची माती आज सांजच्याला.' आणि मग, आता कुणाला विचारायचं राहिलंच नव्हतं म्हणून, सिद्धरामला फोन लावला. माउलीला सांग, म्हातारी गेली. अर्ध्या तासानं त्याचाच उलटा फोन. "सांगितलं. मला ठाव हाय म्हणाला. फोन ठिवला."

गुंडाप्पानं माती दिवस बुडेपर्यंत लांबवली. लोक कुजबुजायला लागले तेव्हा उठला.

मी संध्याकाळी दुकानात परत आलो तर ब्लॉगवर एक प्रतिक्रिया आलेली. पहिली आणि शेवटची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली.

'मी रोज वाचतो. नाईट सुटली की सोसायटीच्या ऑफिसात. आईचं पडल्यापासून वाट बघितली. तीनशे घरला आवतन आलं. एकबी घर चुकलं न्हाई म्हणलाव. माझं घर मोजलंच न्हाई, मग चुकंल कसं. माउली.'

म्हणजे ती इमानदार मशीन हीच.

तेराव्यापर्यंत मी ते गुंडाप्पाला सांगितलं नाही. चौदाव्या दिवशी डोकं भादरलेला, पटका नसलेला गुंडाप्पा दुकानात आला आणि किती आले म्हणून विचारलं. मी वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाला. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा म्हणेल असं वाटलं होतं, पण उठला आणि सिद्धरामचा नंबर कागदावर लिहून घेतला.

पुढचं त्यानंच मला सांगितलं, एक महिन्यानं, लाईट नव्हती तेव्हा. पुण्याला जाताना तो रात्रभर गाडीत उभाच होता. सिद्धरामनं त्याला सोसायटीच्या गेटपर्यंत सोडलं आणि लांब थांबला. माउली गेटवर होता. ह्यानं बघितलं, त्यानंही बघितलं. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवावा, असं वाटेत ठरवलं होतं. पण मधे गेट होतं, हा बाहेर होता, आणि बाहेर उभं राहिल्यावर ह्या माणसाला एकच गोष्ट येते.

"माउली रेवणप्पा," त्यानं हाक मारली. "बाणूबाईची माती झाली."

माउलीनं ऐकून घेतलं. मग टेबलावरची वही गजांतून पुढं सरकवली. आत येणाऱ्यानं त्यात लिहायचं असतं. नाव, गाव, कुणाकडं, काम काय. गुंडाप्पानं लिहिलं. कामाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, तेव्हा 'सांगावा' लिहिलं. माउलीनं ते वाचलं आणि वही मिटली. खुर्चीखालून पाण्याची बाटली काढली, टोपण उघडलं, गजांमधून हात बाहेर काढला.

"पाणी पी, अण्णा."

सात वर्षांनी अण्णा म्हणाला. गुंडाप्पाला ते ऐकू आलं, समजलंही. आणि तोंडातून शब्द गेला, "नगं."

तीस वर्षांची सवय. सांगाव्याच्या घरी पाणी घेत नाहीत. हे घर सांगाव्याचं नव्हतं, हे मला सांगताना त्याच्या ध्यानात होतं. तेव्हा नव्हतं. माउलीला मात्र रीत पाठ होती, त्याच बापाचा पोरगा तो. हात तसाच थोडा वेळ बाहेर राहिला. मग बाटली आत गेली, टोपण लागलं.

"बरं हाय," माउली म्हणाला. "सांगावा पोचला. जा."

मागं एक गाडी येऊन थांबली होती. हॉर्न वाजला. माउली गेट उघडायला गेला आणि गुंडाप्पा बाजूला झाला, गाडीला वाट पाहिजे म्हणून.

पुढच्या संक्रांतीला गुंडाप्पानं पटका पुन्हा बांधला. सांगावा न्यायला तो आता जात नाही, बंडेप्पाचा पोरगा मोबाईलवरून कळवतो. ब्लॉग बंद करू का, मी विचारलं होतं. राहू दे म्हणाला. सकाळची ती एक भेट गेटवरच्या त्या दिवसापासून थांबलीय, हे मी त्याला सांगितलेलं नाही. किती आले म्हणून त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी गेटची गोष्ट सांगून झाल्यावर तो बाकड्यावर बसून राहिला. मी माठातलं पाणी दिलं. एका दमात तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"लई तहान लागलती, इंटरनेट."